उचल घेतलेल्या पेशी

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, की मांजरसुंबा मागे पडतं आणि थोड्या वेळानं चौसाळा येतं. हाच रस्ता पुढे येरमाळ्यावरून तुळजापूरला जातो. नवरात्राच्या तोंडावर अशा रस्त्यावरच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी अर्धा तास उभं राहावं. एखादी बाई येते, ओळखीचा बाप्या जवळपास नाही ना हे बघते आणि हळू आवाजात म्हणते, ‘‘ती पुढं ढकलायची गोळी द्या.’’ काय पुढं ढकलायचं, हे दुकानदार विचारत नाही. घरात घट बसणार असतात, नाहीतर देवीला चालत जायचं ठरलेलं असतं. कागदात गुंडाळलेली पट्टी आणि सुटे पैसे यांची अदलाबदल होते आणि बाई निघून जाते.

पाळीचं देवीला वावडं असेल असं मला तरी वाटत नाही, पण तो वाद इथे नको. आपल्याला त्या पट्टीत रस आहे. गोळीचं नाव नोरेथिस्टेरॉन, पाच मिलिग्रॅम. खरं म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असते, कारण रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असलेल्या बाईला ती महागात पडू शकते. ही गोळी रक्त ‘अडवून धरते’ असा सार्वत्रिक समज आहे. आत तुंबलेलं ते रक्त मग डोक्यात जातं, अशी पुस्तीही मी ऐकली आहे. तसं काही होत नाही. गोळी काहीच अडवत नाही. ती गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना एक निरोप देते, आणि त्या पेशी तो ऐकतात, एवढंच.

या ऐकण्याबद्दलच हे प्रकरण आहे.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला ते समजावून सांगायला परदेशी उपमा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप येतो, साखर कारखाना सुरू होतोय, गाड्या अमुक दिवशी निघणार. निरोप गावभर फिरतो. तो शाळेतल्या गुरुजींच्या कानावर जातो, किराणा दुकानदाराच्या कानावर जातो, पारावरच्या म्हाताऱ्यांच्याही. जागचं कुणी हलत नाही. बिऱ्हाड बांधून निघतात ते ज्यांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली आहे तेच. शरीरातलं संप्रेरक असंच रक्तातून सगळीकडे फिरतं, नखापर्यंत आणि टाळूपर्यंत. पण ज्या पेशींकडे त्या संप्रेरकाचा रिसेप्टर, म्हणजे ग्राही असतो, त्याच हलतात. बाकीच्यांच्या दारावरून निरोप निघून जातो.

आणखी एक गंमत आहे. निरोप एकच असला, तरी फडात गेल्यावर कुणी ऊस तोडतो, कुणी मोळ्या बांधतो, कुणी गाडी हाकतो. इस्ट्रोजेन स्तनातल्या पेशींना वाढायला लावतं, गर्भाशयाच्या अस्तराला जाड करतं आणि हाडांची झीज रोखून धरतं. कोणत्या पेशीत जनुकांची कोणती पानं उघडी आहेत, त्यावर तिचं काम ठरतं. इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन थेट पेशीत शिरतं, ग्राहीला चिकटतं आणि ती जोडी डीएनएवर जाऊन बसते. मग काही जनुकं जागी होतात, काही झोपतात. या कामाला तास लागतात, कधी दिवस. म्हणून ‘पुढं ढकलायची’ गोळी पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करावी लागते. पाळी आल्यावर घेऊन काही उपयोग नाही.

अस्तराची गोष्ट अशी. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात अंडाशयातून इस्ट्रोजेन येतं आणि अस्तराच्या पेशी भराभर वाढतात. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन सुरू होतं. त्याचा हुकूम वेगळा असतो. वाढ पुरे, आता पाहुण्याच्या मुक्कामाची तयारी करा. पाहुणा आला नाही, की साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन आटतं आणि अस्तर गळून पडतं. नोरेथिस्टेरॉन हा प्रोजेस्टेरॉनचा कारखान्यात घडवलेला भाऊ. खरं प्रोजेस्टेरॉन आटलं तरी हा बोलत राहतो आणि पेशी थांबून राहतात. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

पेशी असा निरोप ऐकतात हे माणसाला कसं कळलं, ते बघायला आता गाईंकडे वळू. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांच्या वाचनात आलं होतं, की काही देशांतले शेतकरी व्यालेल्या गाईचं अंडाशय काढून टाकतात, म्हणजे ती आटत नाही, दूध देत राहते. बीटसनना प्रश्न पडला, की अंडाशय कुठं आणि कास कुठं! दोघांना जोडणारी एकही मज्जातंतूची दोरी सापडत नाही, तरी अंडाशयाचा ताबा कासेवर चालतो. मग स्तनाच्या कर्करोगावरही चालत असेल का? १८९५ मध्ये त्यांनी रोग हाताबाहेर गेलेल्या एका तरुण बाईची अंडाशयं काढली. काही महिन्यांत गाठी विरघळल्या. १८९६ मध्ये त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. इस्ट्रोजेन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. ग्राही सापडायला तर १९५०च्या दशकाची अखेर उजाडली. शिकागोत एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण केलेलं इस्ट्रोजेन उंदरांना टोचून ते नेमकं कुठं जाऊन बसतं याचा माग काढला.

पुढचा टप्पा अपयशातून आला. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी एक रेणू घडवला. हवी होती संततिनियमनाची गोळी. उंदरांत ती छान चालली, बायकांत उलटी पडली, बीज सोडायला मदतच करू लागली. तो रेणू बासनात जायचा, पण तो इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर जाऊन बसतो आणि स्तनाच्या पेशीत काहीच काम करत नाही, हे ध्यानात आलं. मुकादमाच्या गाडीत जागा अडवून बसलेला आणि फडावर कोयता न उचलणारा गडी! कर्करोगाच्या पेशीला इस्ट्रोजेन मिळेनासं झालं. या टॅमॉक्सिफेननं गेल्या पन्नास वर्षांत जगभर लाखो बायका वाचवल्या. हाच गडी हाडात मात्र इमानदारीनं काम करतो, आणि गर्भाशयाच्या अस्तरात नको तितकं करतो, तिथल्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढवतो.

याच घराण्यातला एक रेणू आपल्याकडे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडला. ऑर्मेलॉक्सिफेन. १९९१ मध्ये ‘सहेली’ नावानं बाजारात आला. आज तो ‘छाया’ नावानं सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळतो. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. आशाताईंच्या पिशवीत तो असतो. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता परत कर्करोगाकडे, म्हणजे मुंबईला. इकडच्या माणसाला कर्करोग म्हटलं की टाटा आठवतं. जवळ बार्शीलाही कर्करोगाचं रुग्णालय आहे आणि बार्शी, परंडा, भूम या तीन तालुक्यांतल्या प्रत्येक कर्करोगाची नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण नोंदवही १९८७ पासून तिथंच चालते. तरी बिऱ्हाड निघतं ते परळच्या फुटपाथकडे. त्या टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका प्रश्नाचा पिच्छा तीस वर्षं पुरवला. मला हा माणूस त्याच्या उत्तरांपेक्षा त्याच्या चिकाटीमुळे जास्त भावतो.

सुरुवात लंडनला झाली. गाय्ज हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालेल्या, पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या जुन्या नोंदी बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढल्या. प्रश्न विचित्र होता. ऑपरेशन झालं त्या दिवशी शेवटची पाळी येऊन किती दिवस झाले होते? तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ऑपरेशन झालेल्यांपैकी दहा वर्षांनी शेकडा ५४ जिवंत होत्या. इतर दिवसांत झालेल्यांपैकी शेकडा ८४. १९९१ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि गदारोळ झाला. बाईच्या तारखा बघून ऑपरेशनचा मुहूर्त काढायचा? जगभरच्या रुग्णालयांनी आपापली कपाटं उघडली. कुणाला फरक दिसला, कुणाला दिसला नाही.

मुहूर्ताची भाषा सोडून बघितलं, तर तर्क साधा आहे. तिसऱ्या ते बाराव्या दिवसात शरीरात इस्ट्रोजेनचं राज्य असतं, प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतं. मग तारीख कशाला बघायची? ऑपरेशनच्या आधी प्रोजेस्टेरॉन टोचूनच टाकावं. औषध शोधायलाही जायला नको होतं. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे इंजेक्शन गर्भ टिकावा म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ कित्येक दशकं देत आले होते. (अमेरिकेनं २०२३ मध्ये मुदतपूर्व प्रसूती रोखण्यासाठीची त्याची परवानगी काढून घेतली. ज्या कामासाठी ते ओळखलं जायचं, तेच त्याला जमत नाही असं ठरलं.) टाटात सुमारे हजार बायकांची चिठ्ठी टाकून विभागणी झाली. अर्ध्यांना ऑपरेशनच्या पाच ते चौदा दिवस आधी ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन, अर्ध्यांना नाही. निकाल २०११ मध्ये आला.

तो निकाल नीट वाचायला हवा, कारण वर्तमानपत्रांनी तो नीट वाचला नाही. सगळ्या बायका एकत्र धरल्या, तर ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. पण ज्यांचा रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, अशा ४७१ जणींत पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात शेकडा ७५.७ जिवंत होत्या, दुसऱ्या गटात ६६.८. शंभरात नऊ बायका. ढीग उपसून त्यातला एक कोपरा चमकताना दिसला, तर शास्त्रज्ञ आधी स्वतःवर संशय घेतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून हे इंजेक्शन आजही सरसकट उपचार झालेलं नाही. पण तो आकडा मनातून जातही नाही.

एका इंजेक्शननं पाच वर्षांनंतरचं मरण का टळावं? इथे कर्करोगाचा खरा स्वभाव कळतो. स्तनातली गाठ सहसा जीव घेत नाही. जीव घेतात तिथून सुटून फुप्फुसात, यकृतात, हाडात रुजलेल्या पेशी. ऑपरेशनच्या टेबलावर गाठ हाताळली जाते, ऊतक फाटतं, रक्तपुरवठा तुटतो, गाठीतल्या पेशींचा श्वास कोंडतो. संकटात सापडलेली पेशी वाट सापडेल तिकडे सरकते. त्या वेळी पेशी मारायची गरज नाही, तिचं वागणं बदललं तरी पुरे. ती जागची हलू नये, एवढंच बघायचं. खारघरला टाटाच्याच संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या गटानं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना प्रोजेस्टेरॉन दिलं. त्यांचं सरकणं आणि घुसणं मंदावलं. एसजीके१ आणि एनडीआरजी१ या दोन जनुकांची हालचाल त्यामागे दिसली.

आणि इथे माझी उचलीची उपमा लंगडी पडते, हे कबूल करतो. ज्या पेशींत प्रोजेस्टेरॉनचा नेहमीचा ग्राही नव्हता, त्याही मंदावल्या. उचल न घेतलेले गडीही निरोप ऐकून थांबले! निरोप पोचायला मुख्य रस्त्याखेरीज पायवाटाही असतात, असा त्याचा अर्थ.

बडवे तिथं थांबले नाहीत. पेशीचं सरकणं थांबवायचंच असेल, तर आणखी स्वस्त काय आहे? लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत टोचतात तेच, टाके घालताना तालुक्याच्या दवाखान्यात वापरतात तेच. स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालेलं हे भुलीचं औषध मज्जातंतूंच्या पडद्यावरची सोडियमची दारं बंद करतं. दारं बंद झाली की विद्युत संदेश पुढे जात नाही आणि वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही. तीच सोडियमची दारं कर्करोगाच्या कितीतरी पेशींवर असतात, आणि पेशी सरकण्यासाठी ती वापरतात.

डिसेंबर २०११ पासून भारतातल्या ११ केंद्रांत १,६०० बायकांवर ही चाचणी झाली. पूर्ण भूल दिलेली असते, बाई गाढ झोपेत असते, म्हणजे वेदनेचा प्रश्नच नाही. शल्यविशारद अर्धा टक्का लिग्नोकेन गाठीच्या सगळ्या बाजूंनी टोचतात आणि मग हात बाजूला ठेवून सात ते दहा मिनिटं थांबतात. ऑपरेशन थिएटरमध्ये दहा मिनिटं नुसतं थांबणं काय असतं, ते तिथं काम करणाऱ्यांना विचारा. मग नेहमीसारखी शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी लिग्नोकेन टोचलेल्यांपैकी शेकडा ९०.१ जिवंत होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४. खर्च शंभर रुपयांच्या आत. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत हे आकडे मांडले गेले, २०२३ मध्ये छापले गेले. दुसऱ्या गटाला नुसतं पाणीही टोचलं नव्हतं, म्हणून तुलना अपुरी राहते, असा आक्षेप निघाला, आणि तो खोटा नाही. पण शंभरात जवळपास चार जीव देणारं नवं औषध एखाद्या कंपनीनं आणलं असतं, तर त्याची किंमत लाखांत असती आणि जाहिरात विमानतळावर असती. लिग्नोकेनचा पेटंटदार कुणी उरलेला नाही, म्हणून त्याच्यासाठी भांडायलाही कुणी नाही.

जुन्या औषधांचं हे दुसरं आयुष्य नेहमीच सुखाचं नसतं. कोविडमध्ये, जून २०२० मध्ये, डेक्सामेथासोन हे काही रुपयांचं स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं, हे ब्रिटनमधल्या चाचणीनं दाखवलं. तेच स्टिरॉइड गुडघेदुखीच्या, दम्याच्या बिननावाच्या पुड्यांत वर्षानुवर्षं लोकांच्या पोटात जात आलं आहे. दोन दिवसांत म्हातारी चालायला लागते आणि पुडीवाल्याचा जयजयकार होतो. इकडे मूत्रपिंडावरची ग्रंथी, बाहेरून आयतं मिळतंय म्हणून, आपलं स्टिरॉइड करणं सोडून देते. पुडी अचानक बंद झाली की रक्तदाब कोसळतो. अशी पुडी चालू असेल तर मनानं थांबवू नका, डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करा.

आता परत चौसाळ्याच्या रस्त्यावर.

बीडमध्ये एक वाक्य फार सहज बोललं जातं. ‘‘पिशवी काढली.’’ पिशवी म्हणजे गर्भाशय. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सहात एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, तरी तफावत डोळ्यांत भरते. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. फडावर ना संडास, ना पाणी. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकानं दांडी मारली तर दोघांचा खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीवर चढतो. अंगावर जास्त जातंय, पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, असं सांगत बाई खासगी दवाखान्यात गेली, की पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली जायची. या सगळ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातली पेशींची बाजू सांगायची आहे.

नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर संप्रेरकं चालू राहतात, जरी ती काहीशी लवकर आटू शकतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तिशीतल्या बाईचं इस्ट्रोजेन एका दुपारी संपतं. हाड ही मेलेली वस्तू नाही. जुन्या घराच्या भिंतीसारखं ते सतत पोखरलं आणि सतत लिंपलं जातं. पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, लिंपणाऱ्या वेगळ्या. इस्ट्रोजेन पोखरणाऱ्या पेशींचं आयुष्य आखूड ठेवतं. ते गेलं की त्या जास्त जगतात, जास्त पोखरतात, लिंपणाऱ्यांना ते भरून काढणं जमत नाही. पन्नाशीत सुरू व्हायची ही झीज तिशीत सुरू होते. आणि बाईला तर डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन फळीवरून गाडीत चढायचं असतं.

अंगावर जास्त जाण्याच्या कितीतरी तक्रारींत अस्तराच्या पेशींचं वागणं बिघडलेलं असतं, अवयव नासलेला नसतो. ते वागणं बदलणारी औषधं याच काउंटरवर आहेत. देवीला जाताना जी पट्टी आपण कागदात गुंडाळून नेतो, तेच नोरेथिस्टेरॉन अतिरक्तस्रावावर डॉक्टर देतात. आणि आशाताईंच्या पिशवीतल्या ‘छाया’चा रेणू, ऑर्मेलॉक्सिफेन, वेगळ्या मात्रेत नेमका याच तक्रारीवर वापरला जातो.

२०१९ नंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. कागद झाला, चांगलंच झालं. तरी तुमच्या घरातल्या कुणाला पिशवी काढायला सांगितली, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. तपासणीत नेमकं काय निघालं? गोळीवर काही महिने बघता येईल का? आणि काढायचीच झाली, तर अंडाशयं ठेवणार ना?